स्वप्नातलं शहर आणि वाशी मार्केट

चैत्र लागला की आमच्या घरात मिरचीचा विषय निघतो. घरात माणसं आता चारच. वर्षाचा मसाला करायचा म्हटलं तरी दोन किलोंच्या वर जात नाही. सून म्हणते, "आई, पाकिटातला आणूया की." पण ४० वर्षांची सवय अशी सुटत नाही. यंदाही एका सकाळी पिशव्या घेऊन मसाला मार्केटात गेले. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी, धणे, खसखस, दगडफूल असं सगळं घेतलं, नाकाला पदर लावून शिंकत शिंकत बाहेर आले आणि टपरीवर चहा मागितला.

बाजूला दोन माथाडी चहा पीत उभे होते. त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"मार्केट हितनं हलवायचं म्हनत्यात."

"हलवू दे. आपल्याला हलायची सवंच हाय. आज्जा गावातनं हलला, बा मशीद बंदरातनं हलला. आता आपुन."

दोघंही हसले. मी मात्र चहाचा ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले. बोली सातारची, आमच्याकडची. आणि त्या एका वाक्यात त्या गड्याने या शहराचा सगळा इतिहास सांगून टाकला होता. मी ३० वर्षं वर्गात इतिहास आणि मराठी शिकवलं, पण इतका थोडक्यात मला कधी सांगता आला नाही.

घरी आल्यावर मिरच्या उन्हात घातल्या आणि हे लिहायला बसले.

शाळेत असताना आठवीला मी दरवर्षी एक निबंध हमखास द्यायची : 'माझ्या स्वप्नातील शहर'. मुलं काय लिहायची ते पाठच झालं होतं. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बागा, कारंजी, धूर नाही, कचरा नाही. गंमत म्हणजे आम्ही राहत होतो ते शहरच मुळी कुणीतरी असा निबंध लिहावा तसं कागदावर लिहून मग बांधलेलं! त्या निबंधांतली एक वही मला आजही स्वस्थ बसू देत नाही. तिच्याकडे येते, पण आधी थोडा इतिहास.

आदर्श शहराचं स्वप्न माणसाला फार जुनं आहे. आपल्याकडे संत रविदासांनी 'बेगमपुरा' नावाचं शहर कल्पिलं. बे-गम म्हणजे जिथे दुःख नाही असं गाव. तिथे कर नाही, धाक नाही, कुणी वरचा-खालचा नाही आणि ज्याला जिथे हिंडावंसं वाटेल तिथे तो हिंडू शकतो. रविदास चामड्याचं काम करणारे. ज्यांच्या जातीला गावात हवं तिथे पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्या स्वप्नातल्या शहरात आधी काय आलं? मोकळेपणाने हिंडणं!

पुढे इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड नावाचा एक लघुलेखक होऊन गेला. पार्लमेंटातली भाषणं टिपून घेणं हा त्याचा व्यवसाय. लंडनच्या गर्दीत आयुष्य काढलेल्या या माणसाने १८९८ साली पुस्तक लिहून 'उद्यान-नगरी'ची कल्पना मांडली. ३२ हजार लोकांचं आटोपशीर गाव, मध्ये बाग, भोवती शेती. १९०३ साली लेचवर्थ नावाचं असं गाव प्रत्यक्ष वसायलाही लागलं. गर्दीत गुदमरलेल्या माणसाच्या स्वप्नात बाग आली.

मला यातून एक गोष्ट कळते. स्वप्नातलं शहर म्हणजे ज्याला जे मिळालं नाही त्याचं चित्र असतं. म्हणून शहराचा नकाशा समोर आला की तो कुणाच्या स्वप्नातून उतरलाय हे आधी विचारावं. आणि कुणाला विचारलंच नाही, हेही.

आता नवी मुंबई. माझ्या नातवाच्या पिढीला हे शहर पहिल्यापासून इथेच होतं असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुंबई हे चिंचोळं, दक्षिणोत्तर लांबट बेट. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला. त्यामुळे सकाळी सगळं शहर दक्षिणेला धावणार आणि संध्याकाळी उत्तरेला परतणार. १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या नेतृत्वाखाली सरकारने एक अभ्यासगट नेमला होता. त्याने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या जमिनीकडे वळावं असं सुचवलं. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेचा विकास आराखडा आला. तो तिघांना पटला नाही : वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, देशातला पहिला, तो याच पटेलांचा. या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात आपली योजना मांडली. मुल्कराज आनंद त्याचे संपादक होते आणि त्यांनी अंकच या विषयाला वाहिला. म्हणणं असं, की मुंबईला उत्तरेकडे ताणत बसू नका. खाडी ओलांडा, पूर्वेला जोडशहर वसवा, आणि लोकांना ओढून नेईल असं काहीतरी तिथे आधी न्या.

ते 'काहीतरी' म्हणजे सरकार. मंत्रालय, विधिमंडळ, कचेऱ्या पलीकडे गेल्या की बाकीचे आपोआप मागे येतील असा हिशेब होता. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही १९६६ मध्ये खाडीपलीकडच्या वस्तीचा पुरस्कार केला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पटेल नियोजनाचे प्रमुख झाले, कोरिया मुख्य वास्तुविशारद. १९७३ साली आराखडा तयार झाला : ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन, २० लाख लोकांचं शहर, एकच केंद्र न ठेवता रेल्वे स्थानकांभोवती वसलेली वेगवेगळी उपनगरं. त्याच वर्षी खाडीवरचा पूलही खुला झाला.

मी तो आराखडा पुढे कधीतरी वाचला. खरं सांगते, मला तो आवडला. शाळा किती अंतरावर हवी, दुकान चालत जाण्याजोगं कसं असावं, गरिबाला परवडेल असं घर कसं बांधावं, याचा त्यात विचार आहे. ही माणसं मनापासून स्वप्न बघत होती. कोरिया २०१५ साली गेले, पटेल २०२४ च्या डिसेंबरमध्ये. दोन्ही वेळा मला घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं, कारण त्यांनी आखलेल्या रस्त्यांवरून मी रोज चालत होते.

पण ज्या सरकारने खाडी ओलांडायची, ते काही जागचं हललं नाही. उलट समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभं राहिलं आणि कचेऱ्यांना तिथेच नवे मजले मिळाले. १९८१ साली नव्या विधान भवनाचं उद्घाटन झालं तेही तिथेच.

आणि त्याच १९८१ साली तुर्भ्याला कोण आलं? कांदा-बटाटा!

हा योगायोग लक्षात आला तेव्हा मी एकटीच हसले होते. राजा यायचा होता, त्याच्याऐवजी कांद्याची पोती आली. मुंबईच्या घाऊक बाजारांसाठी १९७७ साली कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली होती. तिचा कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये खाडी ओलांडून आला. १९९०-९१ च्या सुमारास धान्य आणि मसाल्याचे बाजार आले आणि १९९६ साली भायखळ्याचा भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा फळबाजार. हे सगळं सुखासुखी झालं नाही. मशीद बंदरच्या पेढ्या पिढ्यान् पिढ्यांच्या. "खाडीपलीकडे गिऱ्हाईक कशाला येईल?" असं व्यापारी म्हणायचे, आणि ते चुकीचंही नव्हतं. रेल्वे वाशीला पोचली ती १९९२ साली. ठाण्याकडून तुर्भ्याला गाडी यायला तर २००४ उजाडलं.

घाऊक बाजार हलवणं योजनेत होतंच, ते कुणी आयत्या वेळी सुचवलेलं नाही. पण कशासाठी होतं? तर मुंबईच्या बोळांतली ट्रकची कोंडी कमी व्हावी म्हणून. म्हणजे सरकार न्यायचं होतं ते नव्या शहराला जीव यावा म्हणून, आणि बाजार न्यायचा होता तो जुन्या शहराच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी हे उलटं केलं असतं असं मला वाटतं. पेशवाईत पुण्याला पेठ वसवायची म्हणजे आधी बाजार वसवायचा. शेटे-महाजनांना कौल द्यायचा, वसाहतीला काही वर्षं कर माफ करायचा, की वाणी-उदमी येत, त्यांच्यामागे कारागीर येत. १७३४ साली जिवाजीपंत खासगीवाल्यांनी शुक्रवार पेठ वसवली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. बाजार आला की माणूस येतो, हे त्यांना ठाऊक होतं. नव्या मुंबईत राजाची वाट बघता बघता शेवटी बाजारच कामाला आला. पहाटे उठणारं, रात्रभर जागणारं, दोन वेळचं जेवण मिळवणारं गाव झालं ते या ट्रकांमुळे. आणि गंमत बघा, जमीन तुर्भ्याची, नाव मात्र सगळे 'वाशी मार्केट' असंच घेतात.

तुर्भ्याचं नाव निघालं तर तेही सांगायला हवं. तुर्भे, सानपाडा, जुहूगाव, वाशी, कोपरखैरणे ही आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी यांवर जगणारी. योजनाकारांची कल्पना अशी होती, की जमीन सरकारने एकदम ताब्यात घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर उभं करायचं. हिशेबाला चोख. पण ज्याच्या जमिनीवर हिशेब मांडला, त्याच्या पदरात काय, याचं उत्तर हिशेबात फार तोकडं होतं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही वर्षांनी, १९९० साली, साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या शहराच्या जन्मकथेतलं हे पान निबंधात कुणी लिहीत नाही. माझ्या वर्गात तुर्भे गावातली मुलं असायची, त्यांच्या घरी ते पान पाठ होतं. मलाच ते उशिरा समजलं.

आता माझ्या घरचं सांगते. नातेवाईक मंडळींना हे माहीत आहे, त्यांनी क्षमा करावी.

आमचं गाव जावळी खोऱ्यात. वडील, म्हणजे आमचे आबा, दाणाबंदरात माथाडी होते. मुंबईत ते 'गाळ्यावर' राहायचे. आमच्याकडे हा शब्द सगळ्यांना कळतो, पण इतरांसाठी सांगते. एका गावच्या गड्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली म्हणजे त्या गावाचा गाळा. वीस-पंचवीस-तीस माणसं. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे, झोपायचं पाळीपाळीने, पावसाळा नसला तर बाहेर फुटपाथवर. जेवायला खानावळ. बायकापोरं गावाला. आबा वर्षातून दोन-तीनदा यायचे, गणपतीला, जत्रेला, लग्नसराईत कधी. माझ्या लहानपणी त्यांच्याबरोबर सलग महिनाभर एका घरात राहिल्याचं मला आठवत नाही. मला त्यांचं अक्षर मनीऑर्डरच्या कुपनावरून माहीत. तेही त्यांचं नसायचं, गाळ्यावरच्या लिहिता येणाऱ्या कुणाचं तरी. त्याच मनीऑर्डरींवर मी साताऱ्याला राहून १९७१ साली बी.ए. झाले.

शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून वर चढायचं. फळी हलते, पाय थरथरतो, पण थांबता येत नाही कारण मागे दुसरा असतो. हे आबांनी कधी सांगितलं नाही, मानेवरचं घट्ट सांगायचं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील, स्वतः हमाली केलेला माणूस, त्यांनी या लोकांची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पोतं उचलणाऱ्याचा मालक कोण, या प्रश्नाला तोवर उत्तर नव्हतं. व्यापारी म्हणे मी नाही, ट्रकवाला म्हणे मी नाही. कायद्याने माथाडी मंडळं झाली, नोंदणी झाली, मजुरीवर लेव्ही आली, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी. आबा म्हणायचे, "आधी आमी नुसतं 'ए हमाल' हुतो. कायदा झाला तवा कागदावर नाव आलं."

लग्नानंतर मी वाशीला आले. यजमान ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. आबांच्या जागी माझा धाकटा भाऊ टोळीत लागला, आणि धान्यबाजार हलला तेव्हा तोही बाजाराबरोबर इकडे आला. त्या वर्षी आबा गावाहून आले होते. भावाने त्यांना नवं मार्केट दाखवायला नेलं, मीही गेले. आबांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. दाणाबंदरच्या बोळात आयुष्य गेलेला तो माणूस त्या रुंद रस्त्याच्या मध्ये उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. लांबच लांब ओळीने दुकानं, समोर ट्रक लागायला जागा.

भाऊ म्हणाला, "आबा, हे बघा, हा अमक्या शेठचा गाळा. तो पलीकडचा तमक्याचा."

आबा म्हणाले, "हितं मालाला गाळं हाईत व्हय? आमचं गाळं मानसांला हुतं."

मग जरा वेळाने मला म्हणाले, "रस्तं लय मोठं हाईत गं पोरी. पर सावली कुटं हाय? पोतं टाकल्यावर मानूस बसंल कुटं?"

मी हसून म्हटलं, "आबा, झाडं लावतील ना हळूहळू." ते काही बोलले नाहीत.

पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या शहराने आमच्या घराला एक मोठं देणं दिलं. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीकडे माथाड्यांसाठी घरं झाली. लहान, एका खोलीत उठबस आणि त्यातच चूल. पुढे गरजेपोटी लोकांनी त्यांवर मजले चढवले आणि गल्ल्यांत ऊन पडेनासं झालं, ते वेगळं. पण भावजय मुलांना घेऊन गावाहून आली आणि भावाबरोबर राहिली. माझ्या भाच्यांना त्यांचा बाप रोज दिसला. मला तो दिसला नव्हता. गाळ्यावरचं आयुष्य आमच्या घरापुरतं तरी तिथे संपलं. दक्षिण मुंबईत पिढ्या काढून जे जमलं नाही, ते खाडी ओलांडल्यावर जमलं. म्हणून या शहराला कुणी नावं ठेवली की माझं मन दोन बाजूंना ओढतं.

आता त्या वहीकडे येते.

साल बहुधा १९९८. आठवीचा वर्ग. भाजीबाजार येऊन दोनेक वर्षं झाली होती. एका मुलीने निबंध लिहिला होता तो जेमतेम सात-आठ ओळींचा. मला आठवतं ते असं : माझ्या स्वप्नातील शहरात रात्र असते. रात्री सगळे लोक झोपतात. माझे बाबापण झोपतात. सकाळी उठून ते मला शाळेत सोडायला येतात. रस्त्यात आम्ही बोलतो.

बस. पुढे एक-दोन वाक्यं अशीच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, भाजीबाजार रात्रीचा असतो. नाशिक, पुणे, सातारा, कुठून कुठून संध्याकाळी भरलेल्या गाड्या मध्यरात्रीनंतर येऊन लागतात. माल उतरतो, दोन-तीन वाजता सौदे सुरू होतात, उजाडायच्या आत किरकोळ विक्रेते टेम्पो भरून मुंबईभर पांगतात. सकाळी सातला तुमच्या दारात कोथिंबिरीची जुडी ताजी असते ती त्यामुळे. त्या मुलीचे वडील रात्री बाराला घरातून निघत. ती शाळेत जाई तेव्हा ते परतलेले नसत, आणि ती येई तेव्हा ते झोपलेले. एकाच खोलीत. घरात आवाज करायचा नाही.

मी त्या निबंधाला १० पैकी ४ गुण दिले. खाली तांबड्या शाईने लिहिलं : 'विषयाचा विस्तार हवा. रस्ते, उद्याने, वाहतूक यांचा उल्लेख नाही.'

मुलगी काही म्हणाली नाही. वही घेऊन जागेवर गेली.

मला त्यातलं काही खटकलं कसं नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. गाळ्यावरच्या माणसाची मुलगी मी. वडिलांशी बोलत बोलत शाळेत जाणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं त्या शाळेत कुणाला कळायला हवं होतं? पण बी.ए., बी.एड. होऊन, खडू-फळा हातात येऊन २० वर्षं झाली होती, आणि आदर्श शहर म्हणजे उद्यानं आणि रुंद रस्ते हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं. रविदासांचं बेगमपुरा मला माहीत होतं. माझ्यासमोरच्या वहीतलं बेगमपुरा मात्र मला वाचता आलं नाही. ती चूक माझ्या लक्षात आली कितीतरी वर्षांनी, आबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला तेव्हा. ती मुलगी कुठे असेल मला माहीत नाही. असेल तिथे सुखात असो.

मे २०२० मध्ये करोनामुळे बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला होता. त्याआधी सगळं जग दारं लावून घरात बसलं असताना इथे ट्रक येत होते, पोती उतरत होती, आणि आजारही त्याच पोत्यांबरोबर वस्त्यांत शिरत होता. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं, की भाजी झाडावरून थेट टेम्पोत पडत नाही, मध्ये कुणाची तरी पाठ असते. नंतर पुन्हा सगळे विसरले. मीही विसरलेच असते, पण भाऊ तेव्हा त्या बाजारातून नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याचे सोबती रोज फोन करत.

आता दिवस बदललेत. २०१६ साली फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या झाल्या, त्यामुळे माल थेट बाहेरही जातो. कांदा-बटाट्याच्या इमारती जुन्या झाल्या, छताचे तुकडे पडतात, धोकादायक म्हणून पाट्या लागल्या. २०२५ साली विमानतळाचं उद्घाटन झालं आणि इथल्या जमिनीला आणखी मोल आलं. त्यामुळे पुनर्बांधणी, स्थलांतर असं काही ना काही बोललं जाणारच. पुन्हा कुणीतरी कागद पसरेल, पुन्हा सुंदर चित्रं निघतील. निघोत. स्वप्नं बघणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी बघितली नसती तर माझी भावजय आजही गावाला असती. माझं म्हणणं इतकंच, की या खेपेला पोतं उचलणाऱ्यालाही त्याचं स्वप्न विचारा. लसूण निवडायला बसणाऱ्या बायकांना विचारा. तुर्भे गावातल्या म्हातारीला विचारा. ही माणसं उद्यानं आणि कारंजी सांगणार नाहीत. ती जे सांगतील ते अगदी छोटं असेल, विषयाला सोडून आहे असं वाटेल. माझ्यासारखी चूक करू नका.

त्या दिवशी टपरीवर मी धीर करून त्या दोघांतल्या एकाला विचारलंच, "भाऊ, समजा नवं मार्केट बांधलं, तर त्यात तुम्हाला काय हवं?"

त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "मावशी, तुमी पेपरवाल्या काय?"

"नाही रे, जावळीची आहे मी. माझे वडील दाणाबंदरात होते."

मग तो खुलला. हसला. "आमाला कोन इचारतंय?" म्हणाला. ग्लास खाली ठेवला, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि जायला वळला. दोन पावलं जाऊन थांबला.

"संडास, मावशी. सोच्छ. पान्याचा. आन दुपारचं घटकाभर पडायला सावली."

आबांनी १९९१ साली विचारलं होतं, सावली कुठाय. ३० वर्षांहून जास्त काळ लोटला, उत्तर अजून यायचंय.

मिरच्या उन्हात आहेत, संध्याकाळी डंखावर न्यायच्यात. उठायला हवं.